कानबाईची साफसफाई आणि सुंदराबाईंचे डोळे

सुंदराबाई बोरसे यांचे डोळे दर श्रावणात लाल होत, ही गोष्ट त्यांच्या भाऊबंदकीत सर्वांना माहीत होती. का होत, याबद्दल मात्र जितकी घरे तितकी मते होती. यजमान चिंधाभाऊ यांनी उमेदीची सगळी वर्षे सुरतेतल्या लूम्सच्या खात्यांत, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत, काढली. त्यांच्या मते दोष खात्यांतून उडणाऱ्या तंतूंचा. सुरतेच्या गोडादरा भागात त्यांचे घर; तिथल्या शेजारणी म्हणत की डोळे आले आहेत, आणि त्या दिवसांत सुंदराबाईंशी बोलताना नजर दुसरीकडे ठेवत, कारण आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की आपलेही येतात अशी समजूत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राबाई, यांचे म्हणणे होते की हा कानबाईचा कोप आहे. हे शेवटचे मत सर्वांत वजनदार ठरले, कारण वेळ जुळत होती. डोळे बिघडत ते नेमके कानबाईच्या आठवड्यात.

खानदेशी वाचकांना कानबाई सांगावी लागत नाही. इतरांसाठी एवढे पुरे, की श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते ती नारळाच्या रूपात. आदल्या दिवशी नैवेद्याचे रोट होतात, भाऊबंद एका घरी जेवतात. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. नारळाला कुंकू लागते, नथ चढते, चांदीचे डोळे बसतात, मागे शालू उभा राहतो, आणि मग त्या नारळाकडे कोणी नारळ म्हणून पाहत नाही. बोरशांच्या कुळात हा शृंगार एकाच सुनेने करायचा. सासूबाईंनी तो मान थोरलीला ओलांडून सुंदराबाईंना दिला. का दिला, याच्या दोन हकिगती आहेत. सुंदराबाई सांगतात, माझा हात स्थिर होता म्हणून. सुभद्राबाई सांगतात, त्या वर्षी मी बाळंतीण होते म्हणून. तात्पुरती दिलेली गोष्ट परत मागायला मी लाजले, असेही त्या म्हणतात. सासूबाई आता हयात नाहीत, तेव्हा निवाडा करणारे कोणी उरलेले नाही. शृंगाराची पेटी तेव्हापासून सुंदराबाईंच्या घरी आहे, आणि पेटी ज्या घरी, कानबाई त्या घरी.

या मानाला एक अट जोडलेली आहे. जी शृंगार करणार, तिनेच आठवडाभर आधी घराची साफसफाई स्वतःच्या हातांनी करायची. सुनेकडून, मुलीकडून करून घेतलेली चालत नाही. माळ्यावरचे सामान खाली येते, भिंती झाडल्या जातात, गोधड्या गॅलरीत नेऊन झटकल्या जातात. सुंदराबाईंनी ही अट कधी मोडली नाही.

मागच्या वर्षीपर्यंत लाल डोळ्यांवर त्यांचा एक उपाय होता. वळणावरच्या मेडिकल स्टोअरमधून एक थेंबांची बाटली आणायची. चिठ्ठी लागत नसे. दुकानदाराला डोळे दाखवले की तो मागे वळून तीच बाटली काढून द्यायचा. थेंब घातले की दुसऱ्या दिवशी डोळे पांढरे. शृंगार होईपर्यंत पांढरे राहिले की झाले. पुढे ती बाटली फक्त श्रावणापुरती राहिली नाही. साड्यांच्या ज्या कारखान्यात त्या भरतकामाचे सुटे धागे कापतात, तिथे डोळे खाजले तरी थेंब. लग्नाला जायचे म्हणून थेंब. पाहुणे येणार म्हणून थेंब.

मागच्या वर्षी थेंबांनी साथ दिली नाही. रविवारी सकाळी डोळे टोमॅटोसारखे, पापण्या सुजलेल्या, पाणी थांबेना. पुढे काय झाले ते सुंदराबाई थोडक्यात सांगतात: मी आपणहून बाजूला बसले. सून जयश्री वेगळे सांगते: सुभद्राबाईंनी सर्वांदेखत त्यांना उठवून दाराजवळच्या खुर्चीवर बसवले, आणि आलेल्या डोळ्यांनी देवीच्या डोळ्याला डोळा देऊ नये, असे बजावले. दोन्ही हकिगतींत जुळणारी गोष्ट अशी की शृंगार जयश्रीच्या हातून झाला, सुभद्राबाई तिला सांगत गेल्या, आणि विसर्जनानंतर त्यांनी निकाल जाहीर केला. पुढच्या श्रावणातही हेच झाले, तर देवीला हे घर नको आहे असे समजायचे. पेटी कोसाडला जाईल.

चिंधाभाऊंनी यावर मान डोलावली. थोरल्या वहिनींच्या शब्दावर ते कधीच बोलत नाहीत. सुंदराबाईंनी डोलावली नाही.

त्या रविवारी रात्री देवीपुढच्या जागरणात त्यांना आणखी काही दिसले होते, जे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. समईच्या ज्योतीभोवती रंगीत कडे दिसत होते, पावसाळी चंद्राला पडते तसे. पुढच्या आठवड्यात बसच्या पाटीवरची अक्षरे धूसर झाली, तेव्हा त्या घाबरल्या आणि जयश्रीला घेऊन एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या.

तिथली डॉक्टर तरुण गुजराती बाई होती. तिने आधी कोणते थेंब घालता असे विचारून ती बाटली मागितली, वरचे बारीक अक्षर वाचले आणि बाटली परत न देता टेबलाच्या खणात ठेवली. मग यंत्रावर डोळ्यांतला दाब मोजला. दाब वाढलेला होता. तिने समजावले ते असे: त्या थेंबांत स्टेरॉइड आहे. त्याने लाली झटकन जाते, म्हणून माणसाला वाटते आपण बरे झालो. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वारंवार घातले तर काहींच्या डोळ्यांतला दाब चढतो आणि मागची नस हळूहळू मरते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. नस अजून शाबूत आहे. इथून पुढे ही बाटली नाही.

मग तिने लालीचे कारण शोधायला सुरुवात केली. सकाळी पापण्या चिकटतात का? पिवळा चीक येतो का? एक डोळा आधी आणि दुसरा नंतर, असे होते का? सगळ्यांना उत्तर नाही असे होते. पाणी येते ते स्वच्छ, दोन्ही डोळे एकदम, शिंकाही येतात, आणि सर्वांत मोठा त्रास खाजेचा. खाजेचे नाव निघाले तेव्हाच सुंदराबाईंचा हात डोळ्याकडे गेला. डॉक्टरने तो हवेतच धरला. हे आलेले डोळे नाहीत, ही ॲलर्जी आहे, ती कोणालाही लागत नाही, असे तिने सांगितले. घरातल्या कोणाला इतक्या वर्षांत तुमच्यामुळे डोळे आले का, असेही विचारले. कोणालाच आले नव्हते. हा प्रश्न आजवर एकाही माणसाने विचारला नव्हता, आणि सुंदराबाईंनाही तो कधी सुचला नव्हता.

“मासी, उस हफ्ते में घर में नया क्या करते हो?” डॉक्टरने विचारले.

“कुछ नहीं,” सुंदराबाई म्हणाल्या.

साबण, पावडर, अगरबत्ती, कबुतरे, नवी गादी, रंगकाम, सगळे विचारून झाले. प्रत्येक वेळी तेच उत्तर. हे उत्तर खोटे नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. देवीची साफसफाई ही त्यांच्या लेखी काही नवे करणे नव्हतेच. ती सेवा होती, आणि सेवेने कोणाचे डोळे बिघडत नाहीत. कोप झाला तर चुकीमुळे होतो, सेवेमुळे नाही. प्रश्न बरोबर होता, उत्तर प्रामाणिक होते, आणि तरीही कारण त्या दोघींच्या मधून निसटून चालले होते.

ते जयश्रीने पकडले. आई माळ्यावरच्या गोधड्या झटकतात, त्याच संध्याकाळी डोळे सुरू होतात, असे तिने चाचरत सांगितले. डॉक्टरने लिहिणे थांबवून तिच्याकडे पाहिले.

घरी येईपर्यंत सुंदराबाई सुनेशी बोलल्या नाहीत. उंबरठ्यावर चप्पल काढताना एवढेच म्हणाल्या, “देवीवर आळ घेतेस?”

“देवीवर नाही आई, धुळीवर.”

“एकच आहे ते.”

अबोला लांबत गेला. पण सुंदराबाई हट्टी असल्या तरी न्यायाला धरून आहेत, आणि त्यांच्या मनात एक जुनी गोष्ट टोचत होती. मागे एकदा चिंधाभाऊंनी त्यांना कारखान्याचे काम सोडायला लावले होते. पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा त्या घरी होत्या, एकही धागा कापला नाही, तरी श्रावणात डोळे लाल झालेच. तेव्हा सर्वांनी कोपाचा पुरावा म्हणून ते स्वीकारले. आता त्यांना त्यात दुसरेच काही दिसू लागले. कारखान्यातला धाग्यांचा भुगा डोळ्यांना बाधत नव्हता असे नाही, पण त्या आठवड्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नव्हता.

आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. शिंदखेडा तालुक्यातल्या सासरी कानबाईची साफसफाई त्यांनी केली होती, आणि तिथे डोळ्यांना काही झाले नव्हते. तिथे घर झाडायच्या आधी पाणी शिंपडत. भिंती आणि जमीन शेणाने सारवत. गोधड्या बैलगाडीत घालून नदीवर नेत, दगडावर आपटून धूत आणि काठावरच्या खडकांवर वाळत टाकत. सुरतेत तीच सेवा कोरडी झाली. फरशीला सारवण नको, गोधड्या धुवायला नदी नाही, बाथरूममध्ये ओली गोधडी उचलवत नाही. म्हणून फक्त झाडायचे आणि झटकायचे. वर्षभर माळ्यावर, पावसाळी दमटपणात गुंडाळून ठेवलेल्या गोधड्यांतली धूळ त्या दर श्रावणात स्वतःच्या तोंडावर उडवून घेत होत्या.

हा तर्क जुळतो, पण जुळतो म्हणून तो पूर्ण सिद्ध होत नाही. गावी त्या विशीतल्या होत्या. ॲलर्जी पुढच्या वयातही सुरू होऊ शकते. डॉक्टरनेही पुढच्या खेपेला नेमके हेच सांगितले, आणि वर म्हटले की कारण शंभर टक्के ठरेपर्यंत थांबायची गरज नाही, धूळ कमी केल्याने नुकसान कोणाचेच होणार नाही. सुंदराबाईंना तेवढे पुरेसे होते. त्यांना वाद जिंकायचा नव्हता. त्यांना रविवारी पाटासमोर बसायचे होते.

अडचण मात्र सरळ होती. साफसफाई केली तर डोळे लाल होणार, आणि लाल डोळ्यांनी शृंगार नाही. साफसफाई दुसऱ्या कोणाकडून करवली तर अट मोडली, तरीही शृंगार नाही. मुलगा लखन म्हणाला की मी करतो, सांगायचे कोणाला? सुंदराबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने तो विषय सोडला. जी गोष्ट लपवून मिळवायची, ती त्यांनी बाटलीच्या रूपाने पुष्कळ वर्षे मिळवून पाहिली होती.

त्यांनी वैशाखात सुरुवात केली. ऊन कडक असताना गोधड्या एकेक करून गच्चीवर नेल्या. नाकातोंडावर ओला पंचा, डोळ्यांवर लखनचा मोटारसायकलवरचा बंद गॉगल. सोसायटीतल्या पोरांनी त्यांना पायलट म्हणायला सुरुवात केली, आणि चिंधाभाऊंनीही एकदा विचारले की विमान किती वाजता सुटणार. त्या हसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. कढत पाण्यात गोधड्या भिजवल्या, पायांनी तुडवल्या, चांगल्या खडखडीत वाळवल्या आणि साड्यांच्या गठ्ठ्यांसाठी मिळतात त्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तोंड बांधून ठेवल्या. उशा नव्या भरल्या. उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यातून काढायचा नेम धरला. डोळे खाजले की चोळायचे नाहीत, फ्रीजमधल्या पाण्यात बुडवलेली स्वच्छ घडी वर ठेवायची. हे सर्वांत अवघड गेले. चोळण्याचे सुख ज्याला माहीत आहे, त्यालाच त्या संयमाची किंमत कळेल. जयश्रीशी बोलणे कधी सुरू झाले ते दोघींनाही आठवत नाही. बहुधा ओली गोधडी पिळताना दुसरे टोक धरायला कोणीतरी लागले तेव्हा.

श्रावण लागायच्या आधीच डॉक्टरच्या सांगण्यानुसार ॲलर्जीचे थेंब रोज सुरू झाले. हे थेंब झटकन पांढरे करत नाहीत, असे तिने स्पष्ट सांगितले होते. त्यांचे काम हळू, पण दाब न चढवता चालते. दाब पुन्हा मोजला तेव्हा तो उतरलेला होता. डोळ्यांत दुखले, उजेड सहन झाला नाही किंवा नजर धूसर झाली, तर मात्र घरी बसून थेंब घालत राहायचे नाही, त्याच दिवशी यायचे, अशी तिने तंबी दिली.

कानबाईच्या आठवड्यात सुभद्राबाई रीतीप्रमाणे देखरेखीला आल्या. धाकटी जाऊ ओल्या फडक्याने माळा पुसते आहे आणि झाडू कोपऱ्यात उभा आहे, हे पाहून त्यांनी विचारले की ही कुठली साफसफाई. सुंदराबाईंनी हात न थांबवता उलट विचारले की सासूबाई घर कोरडे झाडत होत्या का. सुभद्राबाई खुर्चीवर बसल्या. तिथूनच म्हणाल्या की नाही, आधी पाणी मारायच्या; आणि गोधड्या तर नदीवर. मग सावधपणे पुस्ती जोडली की डोळे रविवारी बघू.

शनिवारी रोट झाले. भाऊबंद जेवून गेले. सुंदराबाईंचे डोळे स्वच्छ होते. रविवारी सकाळी पाट मांडला, नारळ ठेवला, बायका भोवती बसल्या आणि पेटी उघडली.

सुंदराबाईंनी सगळे हिशेबात धरले होते, एक गोष्ट सोडून. शालू रेशमी, पिढीजात. तो धुता येत नाही. गच्चीवर न्यायची त्यांना हिंमत झाली नव्हती. आणि शालू काढताना थोरलीने तो उलगडून झटकायचा, आत किडामुंगी नको म्हणून, ही सुभद्राबाईंचीच सेवा होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि झटकला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धुळीचा पडदा उभा राहिलेला सर्वांनी पाहिला.

सुंदराबाई समोरच बसल्या होत्या. कुंकू लावून झाले, नथ चढली, आणि चांदीचा पहिला डोळा हातात घेतला तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे पेटले. पाणी आले. उजवा लाल झाला, मग डावा. बोटांना कुंकू लागलेले, आणि खाज अशी की बोटे आपोआप वर येत होती. त्यांनी मनगटे मांडीवर घट्ट दाबून धरली. गाणे म्हणणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या.

“तुन्हा डोया लाल व्हयनात, सुंदरा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “देवीले डोया कशी लावशी?”

मागच्या वर्षी सुंदराबाई याच ठिकाणी उठल्या होत्या, किंवा उठवल्या गेल्या होत्या. या वेळी त्या जागच्या हलल्या नाहीत.

“लाल व्हयनात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शालू झटकना, तवय व्हयनात. सगळासनी दखं. हाऊ रोग कोनले लागस नई, मोठी बाई. माले थेंब घाली लेऊ द्या, मंग लावस.”

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी जयश्रीला हाक मारली. हात धुवायला तांब्या मागवला, ॲलर्जीच्या थेंबांची बाटली मागवली. इतकी वर्षे जे मोरीच्या दाराआड होत असे, ते देवीसमोर, भाऊबंदकीसमोर झाले. त्यांनी मान मागे केली, खालची पापणी ओढली, एका डोळ्यात थेंब टाकला, मग दुसऱ्यात, आणि डोळे मिटून, गार पाण्याची घडी वर धरून त्या बसून राहिल्या. चिंधाभाऊ दारात उभे होते. ते वहिनींकडे पाहत होते, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच त्यांनी त्यांच्यापुढे तोंड उघडले: थांबा जरा, तिला बसू द्या.

सुभद्राबाईंच्या हातात अजून शालू होता. त्यांनी त्याकडे पाहिले, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिले. उन्हात धूळ अजून तरंगत होती. त्यांनी शालू न झटकता, सावकाश घडी घालून पाटामागे ठेवला आणि हात पदराला पुसला. त्यांच्या मनात काय झाले, हे त्यांनी नंतरही कोणाला सांगितलेले नाही, आणि अंदाज बांधण्यात अर्थ नाही. त्यांनी काय म्हटले ते मात्र तिथे बसलेल्या सर्व बायका एकाच शब्दांत सांगतात.

“व्हयनं का? येळ चालनी.”

सुंदराबाईंनी घडी बाजूला ठेवली. डोळे पांढरे झाले नव्हते. इतक्या लवकर होणारही नव्हते. लाल डोळ्यांनीच त्यांनी चांदीचा एक डोळा बसवला, मग दुसरा, थोडे मागे सरकून दोन्ही एका रेषेत आहेत का ते पाहिले, आणि डावा किंचित वर केला. गाणे पुन्हा सुरू झाले, सुरुवातीला एकाच बाईच्या आवाजात.

सोमवारी विसर्जनाहून परतल्यावर सुभद्राबाईंचा मुलगा गोपाल याने पेटी टेम्पोत चढवायची का, असे विचारले. त्याला गेल्या वर्षीचा निकाल ठाऊक होता, कालचे ठाऊक नव्हते. सुभद्राबाईंनी त्याला चहा प्यायला बसवले. पेटी इथेच राहील, असे त्या चिंधाभाऊंना म्हणाल्या, सुंदराबाईंना नाही. मग जयश्रीकडे वळून विचारले की रेशमाला ऊन दाखवायचे असेल तर सरळ दाखवायचे की वर मलमल टाकून. जयश्रीला माहीत नव्हते. सुंदराबाईंनी आतून सांगितले की मलमल टाकून, आणि कोवळ्या उन्हात, आणि झटकायचे असेल तर गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून.

“गॉगल घालीसन?” सुभद्राबाईंनी विचारले.

“घालीसन,” सुंदराबाई म्हणाल्या.